गच्चीवरच्या कुंड्या अडगळ नाहीत

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या फलकावर सूचना लागली: गच्चीवरील कुंड्या, तुटके सामान आणि जुन्या फरशा रहिवाशांनी आठ दिवसांत हटवाव्यात. जिवंत झाडांना भंगाराच्या यादीत बसवणाऱ्यांचा मला मनापासून राग आला आहे.

2020 च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली, तेव्हा बाबांना जाऊन काही महिनेच झाले होते. आई दिवसभर बातम्यांसमोर बसून असे आणि रात्री तिचा डोळा लागत नसे. एका रात्री तिने डब्यातले मूठभर मेथीदाणे भिजत घातले आणि सकाळी आंब्याच्या रिकाम्या पेटीत माती भरून पेरले. तीन-चार दिवसांत कोंब वर आले आणि त्यानंतर ती उठल्याबरोबर टीव्ही लावण्याऐवजी गच्चीवर जाऊ लागली. दुःख संपले नव्हते, परंतु उद्या सकाळी आपल्याला एक काम आहे, एवढा आधार तिला मिळाला. जगात काय होणार हे कोणालाच ठाऊक नसताना, मेथी महिन्याभरात खुडायला येणार हे मात्र तिला नक्की ठाऊक होते. आमच्या बोलण्याने तिला असा धीर कधीच आला नव्हता.

याच समितीने गेल्या वर्षी ताणतणावावर व्याख्यान ठेवले होते. त्यावर खर्च करायचा आणि ज्या कोपऱ्यात निवृत्त, एकटी, आजारातून उठलेली माणसे रोज संध्याकाळी पाणी घालायला येतात, तो कोपरा मोकळा करायचा, हे मला अजिबात पटत नाही.

गच्चीला ओल धरते आणि बशीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, हे मान्य. मग कुंड्या विटांवर ठेवायला सांगा, बशा काढून टाकायला सांगा. वजनाची भीती असेल, तर मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी उभी केलेली बाग आठवा. तेथे स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचीच माती झाली. पालापाचोळा, उसाची चिपाडे आणि नारळाच्या शेंड्या वापरल्या, तर नुसत्या मातीने भरलेल्या कुंडीपेक्षा भार पुष्कळ कमी होतो.

समितीतली माणसे वाईट नाहीत. गळतीच्या तक्रारी त्यांनाच ऐकाव्या लागतात. परंतु त्यांच्यापैकी कोणी त्या दिवसांत आईला मेथीच्या पेटीजवळ बसलेले पाहिले असते, तर ही सूचना वेगळ्या भाषेत लिहिली गेली असती.

ज्यांच्या घरात सध्या आजारपण आहे किंवा नोकरीची चिंता आहे, त्यांनी बाजारातून पुदिन्याची जुडी आणल्यावर जाड काड्या फेकू नयेत. खालची पाने काढून त्या पाण्यात ठेवाव्यात. आठवड्या-दोन आठवड्यांत मुळे फुटतात, मग मातीत लावाव्यात. मेथीनंतर आईने हेच केले आणि आज आमच्या मजल्यावरच्या सगळ्या घरांत तिचा पुदिना आहे. काड्या हव्या असतील त्यांनी संध्याकाळी घरी यावे. आई स्वतः काढून देईल.