राकसकोप भरलं, पण मातीचं काय?

पावसाळ्यात बेळगावात दोन माणसं भेटली की राकसकोप धरण किती भरलं, हा प्रश्न ठरलेला. शहराच्या नळाला तेवढं पुरतं. शिवाराला पुरत नाही. पाऊस किती झाला यापेक्षा तो कसा पडला आणि पडला तेव्हा जमिनीवर काय उभं होतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

२०१९ च्या ऑगस्टात शिवारं पाण्याखाली गेली, २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला. दोन्ही वेळा पंचनामे झाले ते उभ्या पिकाचे. मातीतल्या जिवाणूंचा पंचनामा कोण करणार?

ग्रॅमभर मातीत ते कोट्यवधी असतात. माती वाळली म्हणून सगळेच मरत नाहीत. काही बीजाणू होऊन पडून राहतात, काही पेशीत विरघळणारे पदार्थ साठवून ओल धरून ठेवतात. मग वळीव कोसळतो. पाणी एकदम आत घुसतं, कित्येक पेशी फुटतात, उरलेले त्यांच्यावर ताव मारतात आणि जमीन काही तासांत भसाभस कार्बन डायऑक्साइड सोडू लागते. केनियात काम करणारे शास्त्रज्ञ बर्च यांनी १९५८ मध्ये हे नीट मांडलं. (पहिल्या पावसाचा तो वासही बराचसा जिवाणूंनीच केलेल्या जिओस्मिनचा. कवींनी राग मानू नये.)

या झटक्यात नत्रही मोकळं होतं, पण ते उचलायला मुळं लागतात. नांगरून उघड्या टाकलेल्या रानात मुळं कुठली? पुढच्या मोठ्या पावसात ते नत्र नायट्रेट होऊन निघालं मार्कंडेय नदीकडे. पाणी तुंबलं तर हवेविना जगणारे जिवाणू त्याचा वायू करून उडवतात. आणि आपण दुकानात युरियाच्या रांगेत.

कणकुंबी-जांबोटीकडच्या जंगलात पाचोळ्याखालची माती अशी झटकन सुकत नाही, तिथे बुरशीचं राज्य. सौंदत्ती-अथणीकडे वाळणं-भिजणं नित्याचं, त्यामुळे तिथले जिवाणू त्याला सरावलेले. एकाच जिल्ह्यात इतका फरक, आणि सल्ला मात्र सगळ्यांना एकच: जिवाणू खताचं पाकीट घ्या. पाकीट वाईट नाही. उघड्या, तापलेल्या जमिनीत ते टिकणार कसं, एवढंच विचारतो.

भातानंतर त्याच ओलीवर मसूर घेणारे आपले म्हातारे मला या बाबतीत जास्त शहाणे वाटतात. साचलेल्या पाण्यात मुळांशी नांदणारी बुरशी मागे पडते; मसुराची मुळं तिला पुन्हा आसरा देतात, वर गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र बांधतात. शिवाय रान उघडं पडत नाही.

उसाचं पाचट, म्हणजे तोडणीनंतर उरलेला वाळका पाला, पेटवणाऱ्यांशी मात्र माझं उघड भांडण आहे. उंदीर होतात, खोडव्यात (तोडल्यावर पुन्हा फुटणाऱ्या उसात) कामाला अडचण होते, हे मान्य. पण तेच पाचट सरीत पसरलं तर ओल टिकते आणि वाळण्या-भिजण्याचा झटका सौम्य होतो. त्यात कार्बन भरपूर, नत्र कमी. म्हणून सुरुवातीला जिवाणू पिकाच्या वाट्याचंच नत्र ओढतात. तेवढ्यापुरता पाचटावर थोडा युरिया टाकायचा आणि पाणी द्यायचं.