नगरपालिकेत काम आहे? साथ संपू द्या की!

जुलै २०२१. कोरोनाची दुसरी लाट ओसरली म्हणतात. आपला जिल्हा निर्बंधांच्या तिसऱ्या स्तरात आहे, दुकानं चारपर्यंत, शनिवार-रविवार कडकडीत बंद, आणि तिसरी लाट वेशीवर येऊन उभी आहे असं टीव्हीवाले रोज संध्याकाळी सांगतायत. तर ती आत यायच्या आधी ज्यांना गावच्या नगरपालिकेतून (बोर्डावर नगरपरिषद लिहिलंय, माहितीये, पण गावात कोण म्हणतं तसं) एखादं साधं काम काढून घ्यायचंय, दाखला म्हणा, उतारा म्हणा, नळ कनेक्शन म्हणा, त्यांच्यासाठी हे चार अनुभवाचे सल्ले. फी नाही. मी सध्या बहुतेक त्याच गेटवर असतो, दिसलो तर ओळख द्या.

सगळ्यात पहिलं म्हणजे, काम काढूच नका. साथ चालू असताना पोरं जन्माला घालणं, वारणं, वाटण्या करणं, घराला वारस लावणं ही निव्वळ बेशिस्त आहे. प्रशासन एवढं राबतंय आणि तुम्हाला दाखला सुचतो?

दुसरं, आधी फोन करून जा. वेबसाइटवर जो नंबर आहे तोच लावा. मास्क लावा, अंतर ठेवा, लस घ्या हे सगळं ऐकून होईल, मग रिंग वाजेल, मग वाजतच राहील. फोन करून निघाल्याचं समाधान मिळतं, ते काही कमी नाही.

हात वारंवार धुवा. हा सल्ला माझा नाही, घंटागाडीचा आहे, रोज सकाळी स्पीकरवरून सांगत जाते. नळ चौथ्या दिवशी. त्यात ड्रायव्हरचा काय दोष, त्याला पेनड्राइव्ह दिलाय तो वाजवतो. मनमाडकरांचं या सव्वा वर्षात काय झालं असेल कोण जाणे, तिकडे पंधरा-पंधरा दिवस नळाला पाणी नसतं असं आम्ही वर्षानुवर्षं ऐकतोय. तर पाणी येईल त्या दिवशी चार दिवसांचे हात एकदम धुऊन घ्या.

आता गेट. गेटला बांबू आडवा बांधलाय आणि त्यावर 'अभ्यागतांना प्रवेश बंद, आदेशावरून' असा कागद. कुणाच्या आदेशावरून ते पावसात वाहून गेलं. बांबूच्या अलीकडे पायाने दाबायचा सॅनिटायझरचा स्टँड आहे, तो दाबून बघू नका, आत गेल्या वर्षीपासून हवा आहे. हा स्टँड बरोब्बर त्या मोठ्या फलकासमोर ठेवलाय ज्यावर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे कुठलं काम किती दिवसांत करून द्यायचं ते छापलंय. म्हणजे वरचं 'आपली सेवा आमचे कर्तव्य' एवढं दिसतं, खालचे दिवस दिसत नाहीत. मग शिपाई कपाळाला बंदूक लावतो. माझं टेंपरेचर ३१ आलं. एवढ्यावर माणूस धड शुद्धीवर राहत नाही हो, पण तो म्हणाला, "नॉर्मल आहे दादा, पण आत नाही सोडता येणार."

अर्ज टाकायला बाहेर एक पत्र्याची पेटी ठेवलीये. टाका. पोच मागू नका, कागदाला हात लावल्याने कोरोना होतो. पेटीतला अर्ज म्हणे आधी क्वारंटाईन करतात. माणसाला १४ दिवस सांगितले होते, अर्जाला किती ते कुठल्याच परिपत्रकात नाही, त्यामुळे माझा अजून सुटलेला नाही.

उपस्थितीचं गणित पण समजून घ्या. मार्च २०२० मध्ये सरकारी ऑफिसात पाच टक्के लोक, यंदा एप्रिलमध्ये 'ब्रेक द चेन'च्या निर्बंधांत १५ टक्के, आता आपल्या स्तराला ५०. टक्का कितीही वाढू दे, ज्या टेबलावर आपलं काम असतं ते टेबल कायम उरलेल्या टक्क्यांत असतं. विचारलं की उत्तर एकच, कोविड ड्युटी. जन्म-मृत्यूवाले कुठंयत? कोविड ड्युटी. नगररचनावाले? कोविड ड्युटी. शाळेतले गुरुजी घरोघर ऑक्सिमीटर घेऊन फिरताना आम्ही डोळ्यांनी बघितलेत, त्यांच्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. पण हे बाकीचे सगळे एकाच वेळी कुठल्या नाक्यावर उभे असतात ते एकदा तरी बघायला मिळावं. आणि मुख्याधिकारी साहेब? ते व्हीसीला, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सला, बसलेत. सकाळी गेलं तरी व्हीसी, दुपारी गेलं तरी व्हीसी. जिल्ह्याहून एवढं काय सांगत असतील, आणि सांगत असतील तर त्यातलं गेटपर्यंत काहीच कसं पोचत नाही.

लस हवी असेल तर नगरसेवकांच्या फ्लेक्सवर लक्ष ठेवा. फ्लेक्स मोठा तेवढं टोकन लवकर.

एक रस्ता मात्र हमखास चालतो. पैसे भरायला जा. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्याचं भाडं, काहीही चालेल. तिथे बांबू नाही, बंदूक नाही, व्हीसी नाही. मार्च महिन्यात, लाट चढत असताना, वसुलीचा मांडव घातला होता, पंखा होता, माठात पाणी होतं, आणि पावती दोन मिनिटांत, नावात एक चूक नाही! थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती. ती मीटरसारखी चालू होती, लॉकडाऊनमध्ये सुद्धा एक दिवस थांबली नाही. आठवडे बाजार बंद, गाळे बंद, शटर उघडलं म्हणून दंड, आणि त्याच बंद शटरच्या महिन्याचं भाडं भरा म्हणून नोटीस. नोटीस द्यायला माणूस घरी आला होता. त्याला कोविड ड्युटी नव्हती वाटतं.

सभेचं तर विचारूच नका. व्हिडिओ कॉन्फरन्सवर सर्वसाधारण सभा घ्यायला सरकारने परवानगी दिली, चांगलंच झालं, कुणाला संसर्ग नको. आमच्याकडे "आवाज येतोय का" यात अर्धी सभा जाते, विरोधातला सदस्य बोलायला लागला की त्याचं नेटवर्क जातं, आणि आयत्या वेळच्या विषयांना नेटवर्क फुल्ल. फवारणीच्या खर्चाला कार्योत्तर मंजुरी, मंजूर. हायपोक्लोराईटने रस्ते धुतले, झाडं धुतली, बंद दुकानांची शटर धुतली, आणि बाजारच्या तोंडाशी तो बोगदा उभा केला होता आठवतो का, ज्यातून माणसं भिजत जायची? माणसांवर असलं औषध फवारू नका, उपयोग नाही, उलट अपाय होतो असं केंद्राच्या आरोग्य खात्याने एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं. आमच्या बोगद्याचं उद्घाटन त्यानंतर झालं, फीत कापून.

बरं. आता ज्यांच्या घरात या साथीत माणूस गेलंय त्यांच्यासाठी.

माणूस गेला की नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा आहे. दवाखान्यात गेला असेल तर नोंद दवाखान्यानेच कळवायची, तुम्ही धावायचं कारण नाही. माझे काका एप्रिलमध्ये इथेच गेले, कळवलंही लगेच, दाखला आला आणि त्यात आडनावाला एक काना जास्त. दवाखान्याच्या फॉर्मवर आडनाव बरोबर आहे, त्याची झेरॉक्स माझ्याकडे आहे. आधार बरोबर, पेन्शनची कागदपत्रं बरोबर, मतदार यादीत सुद्धा बरोबर, जिथे एरवी कुणाचंच बरोबर नसतं. फक्त इथे काना. बँकेने काकूला सांगितलं की ही व्यक्ती वेगळी आहे, फॅमिली पेन्शन सुरू होणार नाही, दाखला दुरुस्त करून आणा. मी गेलो. "आमच्याकडून चूक होत नाही, सिस्टीममध्ये होते." ठीक आहे, सिस्टीममध्ये दुरुस्त करा. तर सर्व्हर डाऊन. सर्व्हर आला तर ऑपरेटर नाही, तो ठेकेदाराचा माणूस, पगार नाही म्हणून येत नाही. ऑपरेटर आला तर म्हणतो प्रतिज्ञापत्र लागेल. प्रतिज्ञापत्राला तहसीलला जा, तिथे बांबू, कोविड ड्युटी. ते कसंबसं केलं तर दवाखान्याचं पत्र आणा. अहो दवाखान्याचा फॉर्म तुमच्याच फाईलला आहे! असेल, पण फाईल रेकॉर्ड रूममध्ये, रेकॉर्ड रूमची किल्ली ज्यांच्याकडे ते होम आयसोलेशनमध्ये. किल्लीला काय झालंय? तिला पण पॉझिटिव्ह आलंय का? दवाखान्याचं पत्र आणलं तर त्याच्यावर जावक क्रमांक नाही. जावक क्रमांक टाकून आणला तर साहेबांची सही लागेल, आणि साहेब कुठंयत ते तुम्हाला आता पाठ झालं असेल. मधल्या मधे एका भल्या माणसाने हळूच सुचवलं की दादा, तुम्हीच सगळीकडे आडनाव बदलून घ्या ना, तो काना लावून. म्हणजे आधार, बँक, सातबारा, दोन पोरांच्या दहावीच्या मार्कशीटी, सगळं बदलायचं, पण नगरपालिकेचा काना हलणार नाही.

त्या १९६९ च्या कायद्याच्या १५ व्या कलमात काय लिहिलंय ते मी वाचलंय. नोंद चुकली अशी रजिस्ट्रारची खात्री पटली की मूळ नोंदीला हात न लावता समासात दुरुस्ती लिहायची, सही करायची, तारीख टाकायची. बस. एक ओळ.

एवढी एक ओळ लिहायला तुम्हाला साथ आडवी येते? आता सल्लेबिल्ले बास झाले, सरळ बोलतो. तुम्ही म्हणजे ते जे बांबूच्या पलीकडे बसलेत. लाट आली तेव्हा गावात कुणीच तक्रार केली नाही. बेड नव्हते, ऑक्सिजन नव्हता, रेमडेसिविरसाठी पोरं रात्र रात्र मोटारसायकलवर फिरली, तेव्हा कोण आलं होतं दाखल्यासाठी भांडायला? कोणी नाही. लोकांना अक्कल आहे. पण आज लग्नं लागतायत, टेंडरं निघतायत, गटाराच्या कामाचे नारळ फुटतायत आणि त्या फोटोत चाळीस जण बिनमास्कचे उभे आहेत, त्यात आत न सापडणारे सगळे चेहरे आहेत, झूम करून बघितलेत मी. आणि दाखला मागितला की लगेच साथ.

कायदे तुम्हाला फार पाठ. १८९७ चा साथरोगाचा कायदा, मुंबईत प्लेग आला तेव्हाचा, तो काढून आमच्या पोरांवर सरकारी आदेश मोडल्याचे, कलम १८८ चे गुन्हे लावलेत, किराणा आणायला गेले म्हणून. त्याच कायद्यात कलम चार आहे, सद्भावनेने केलेल्या कामाबद्दल कुणावर दावा लावता येत नाही. असू दे. पण केलेल्या कामाबद्दल आहे ते. न केलेल्या कामाचं त्यात काही लिहिलेलं नाही. परवा ३० जूनला सुप्रीम कोर्टाने कोरोनात गेलेल्यांच्या घरच्यांना मदत द्या आणि मृत्यूच्या दाखल्याची पद्धत सोपी करा म्हणून सांगितलंय. उद्या त्या मदतीचे अर्ज सुरू झाले की प्रत्येकाला हाच दाखला लागणार आहे, आणि या गावात काय माझ्या काकांच्याच आडनावाला काना पडलाय? रांगेत माझ्या मागच्या बाईंच्या नवऱ्याचं वय चुकलंय, त्यांच्या मागे एक पोरगा आहे, त्याच्या आईची नोंदच सापडत नाही. काय करणार आहात तेव्हा, बांबू अजून एक बांधणार?

आणि काम कुणी केलं तेही माहितीये आम्हाला. काकांना प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेलं ते तुमच्या सफाई कामगारांनी, ठेक्यावरच्या. आम्ही लांब उभे होतो. त्यातल्या एकाने मास्क खाली न करता विचारलं, "तोंडात तुळस घालायची राहिली का हो?" त्यांना किट धड नव्हतं, पगार दोन-दोन महिने उशिरा होतो हे गावात सगळ्यांना माहितीये. त्यांनी कुणालाच कोविड ड्युटी सांगून परत पाठवलं नाही. तुमच्या ऑफिसातल्या फ्लेक्सवर 'कोरोना योद्धा' म्हणून फोटो मात्र तुमचे आहेत, ओळीने, पदनामासकट. त्यांचा एक नाही. लाज वाटायला पाहिजे.

काकूला एप्रिलपासून एक रुपया मिळालेला नाही. किल्लीवाल्यांचं आयसोलेशन केव्हाच संपलंय, परवा भाजी घेताना दिसले मला. उद्या रेकॉर्ड रूम उघडा, रजिस्टर काढा, ती एक ओळ लिहा आणि सही करा. माझ्या मागे जे उभे आहेत त्यांचीही कामं करा, एका बैठकीत होतील एवढीच आहेत. आणि पुन्हा गेटवर 'नागरिकांनी सहकार्य करावे' असा कागद लावू नका. सव्वा वर्ष दुसरं काय करतोय आम्ही?