दार बंद आहे, नंतर या

राक्षसांचं मला फारसं काही वाटत नाही. राक्षस समोर उभा असतो, त्याचा राग आपल्यावरच आहे हे उघड असतं, आणि चार वेळा मार खाल्ला की तो उडी कधी मारतो न् आग कधी ओकतो हे अंगवळणी पडतं. मला घाम फुटतो तो दारांमुळे.

मेट्रॉइडव्हेनिया नावाची व्हिडिओ गेमची एक जात आहे. नाव एखाद्या औषधासारखं असलं तरी आजार मात्र तिथूनच सुरू होतो. कडेने दिसणारं एक भलंमोठं जग, त्यात आपण डावी-उजवीकडे, वर-खाली हिंडायचं. आणि पावलोपावली काय? न उघडणारी दारं, हात न पोचणारे कठडे, उंदरालाही पोट आत घेऊन जावं लागेल अशा फटी. हवेत दुसऱ्यांदा उडी मारता येत नाही? मग हा कठडा तुमचा नाही. पाण्यात तग धरत नाही? मग त्या तळ्याकडे बघूही नका. आपण म्हणतो, बरं, नंतर येऊ. असं पन्नास ठिकाणी म्हणून झाल्यावर केव्हातरी ती दुहेरी उडी मिळते. वाजंत्री वाजते. आपण जागच्या जागी उड्या मारून बघतो, आणि त्याच क्षणी डोक्यात लख्ख अंधार पडतो. तो कठडा होता कुठे?

शेजारी माझा भाचा बसलेला असतो. तो कंट्रोलरला हात लावत नाही, फक्त उसासे टाकतो.

"मामा, मशरूमवाल्या भागात होता ना तो."

"कुठला मशरूमवाला?"

"जिथे तू सारखा खाली पडत होतास."

यावरून जागा ओळखता आली असती तर काय हवं होतं.

हा छळ तसा पिढीजात आहे. १९८५ साली 'सुपर मारिओ ब्रदर्स'ने लोकांना पक्कं शिकवलं की उजवीकडे पळत सुटायचं. डावीकडे सरकून गेलेला पडदा परत यायचाच नाही. पुढच्याच वर्षी त्याच निन्टेंडो कंपनीने 'मेट्रॉइड' काढला. शिकलेली मंडळी उजवीकडे पळाली, आणि थोड्याच वेळात एका बुटक्या फटीपाशी अडकली. फटीतून जायचं तर अंगाचा चेंडू करून घरंगळावं लागतं, आणि ती विद्या ठेवली होती सुरुवातीच्या जागेच्या डावीकडे, हाकेच्या अंतरावर. वर गेममध्ये नकाशा नाही. लोक आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने खोल्या काढत बसायचे. मला त्यांच्याबद्दल नितांत आदर आहे. मी काढला असता तर त्या कागदावर वाट हरवलो असतो.

१९९४ च्या 'सुपर मेट्रॉइड'मध्ये नकाशा आपोआप उमटायला लागला, तेव्हा माणुसकी जिंकली असं वाटलं असेल. तीन वर्षांनी 'कॅसलव्हेनिया: सिम्फनी ऑफ द नाइट' आला. त्यात किल्ल्याचा कोपरान् कोपरा पालथा घालावा, तर तोच अख्खा किल्ला उलटा होऊन समोर उभा राहतो. छत खाली, फरशी वर, फिरा पुन्हा. नकाशा किती उलगडला ते सांगणारा आकडा त्यात २००.६ टक्क्यांपर्यंत जातो. शंभर टक्के म्हणजे सगळं, एवढंच गणित मला पक्कं येत होतं. तेही गेलं. दुप्पट मी एक वेळ समजू शकतो, वरचे ०.६ कुणाच्या खात्यातले?

पण नकाशाचा खरा जाच भोगायचा तर २०१७ चा 'हॉलो नाइट' खेळावा. आपण एक छोटा किडा. नव्या भागात शिरलं की नकाशा कोरा, कोरा म्हणजे मुळात नसतोच. त्या भागात कुठेतरी कॉर्निफर नावाचा दुसरा किडा गुणगुणत बसलेला असतो, आजूबाजूला त्याचे कागद विखुरलेले. तो सापडला तर त्याच्याकडून नकाशा विकत घ्यायचा, आणि तोही अर्धवट. म्हणजे नकाशा शोधण्यासाठी आधी हरवायचं, ही पहिली पायरी. पुढचं आपण भरायचं म्हटलं तर लेखणी लागते, ती वेगळी, तिचे पैसे वेगळे. लेखणी घेतली तरी नवी खोली नकाशावर उमटते ती विसाव्यासाठी मांडलेल्या एखाद्या बाकावर जाऊन बसल्यावरच. आणि या सगळ्या कागदावर आपण स्वतः कुठे आहोत हे बघायचं असेल तर होकायंत्राचा ताईत घ्यावा लागतो, तो अंगावरच्या मोजक्या जागांपैकी एक अडवतो, आणि लढाईच्या ताईतांना तेवढी जागा कमी पडते. नवरा रानात नकाशे विकतो, बायको गावातल्या दुकानात लेखणी न् होकायंत्र विकते. जोडप्याने गिऱ्हाईक बरोबर ओळखलंय. मी कायम ताईत घालूनच हिंडतो. लढाईत मार खाल्लेला चालेल, पण कुठे खाल्ला ते कळलं पाहिजे.

मेल्यावर तर बहारच. आपण शेवटी ज्या बाकावर बसलो होतो तिथे जिवंत होतो आणि सगळे पैसे मेलेल्या जागी आपल्याच भुतापाशी राहतात. तिथवर परत जायचं, भूत अंगावर धावून येतं, त्याला मारायचं, मग स्वतःचे पैसे स्वतःला मिळतात. वाटेत पुन्हा मेलात तर जुनं भूत पैशांसकट गेलं. माझी भुतं अशा ठिकाणी उभी असतात की तिथे मी पोचलो कसा याचंच भाच्याला कौतुक वाटतं.

कुणीतरी या दुःखाची दखल घेतली म्हणा. २०२४ च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन'मध्ये अडलेल्या जागेचा फोटो काढून नकाशावर टाचता येतो. असे फोटो मोजकेच मिळतात, म्हणून जपून वापरायचे असतात. मी आनंदाच्या भरात दिसेल ते टाचलं. नंतर भाच्याने एकेक उघडून पाहिलं.

"मामा, हा जिना आहे."

"मग?"

"जिन्यावरून तू आत्ताच आलास."

तशात भिंतींचं वेगळंच. एका भिंतीमागे एकदा गुप्त खोली सापडली की माणूस कामातून जातो. मग प्रत्येक भिंतीवर तलवार आपटत चालायचं. भेग दिसली की हात शिवशिवतात, आणि भेग नसेल तर संशय दुप्पट: इतकी गुळगुळीत भिंत ठेवली कशाला?

परवा शेवटी त्या कठड्याचा पत्ता लागला. मशरूमवाल्या भागातच होता. अर्धा नकाशा तुडवत गेलो, भाचा सावरून बसला. पहिली उडी, हवेत दुसरी, बोटं कठड्याला लागली, चढलो. आत एक चिमुकली खोली, खोलीत एक खटका. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. खटका ओढला. कुठेतरी लांब, जगाच्या दुसऱ्या टोकाला, घरघरत काहीतरी उघडल्याचा आवाज आला.

"काय उघडलं रे?" मी विचारलं.

भाचा म्हणाला, "दार," आणि उशीत तोंड खुपसलं.