केलला खुनशी म्हणणाऱ्यांनो, जरा ऐका

काल संध्याकाळी घंटाळीला मैत्रिणीच्या घरी आमचा वाचनाचा कट्टा जमला होता. पुस्तक होतं जॉन स्टाइनबेकचं १९५२ सालचं 'ईस्ट ऑफ ईडन'. चहा संपता संपता एक गृहस्थ म्हणाले, "केल मुळातच खुनशी. आईवर गेलेला. त्यात बापाचा काय दोष?" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनी! तिथे बोलले असते तर आवाज चढला असता, म्हणून गप्प बसले. पण रात्रभर डोक्यातून जाईना.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ॲडम ट्रास्कला जुळे मुलगे, केल आणि ॲरन. ॲरन गोरा, देखणा, सगळ्यांचा लाडका. केल सावळा, घुमा. लेट्यूसची भाजी बर्फात घालून रेल्वेने लांब पाठवण्याच्या धंद्यात ॲडमचे पैसे बुडतात. ते भरून काढायचे म्हणून केल कर्ज काढून बीन्सच्या व्यापारात उतरतो. पहिल्या महायुद्धामुळे भाव चढतात आणि पोरगा १५,००० डॉलर आणून सणाच्या जेवणाच्या दिवशी बापापुढे ठेवतो. बाप म्हणतो, नको, परत कर. वर ऐकवतो की तुझ्या भावासारखं काही दिलं असतंस तर आनंद झाला असता.

भावासारखं! इथे पुस्तक मिटून मी गॅलरीत जाऊन उभी राहिले होते.

कारण हे वाक्य मी घरात ऐकलंय. माझा दादा रबाळ्याच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. अप्पांचे गुडघे गेले तेव्हा त्याने दिवाळीचा बोनस घालून घरातला संडास बदलून घेतला. कमोड बसवला, भिंतीला धरायला स्टीलचा दांडा लावला, दोन रात्री गवंड्याबरोबर स्वतः जागला. अप्पा काय म्हणाले? "उगाच भिंत फोडली. धाकट्याला विचारायचं तरी होतंस." आणि धाकट्याने विमानतळावरून एक टोपी आणली, निळी. ती घालून अप्पा रोज तलावपाळीला फिरायला जातात आणि भेटेल त्याला सांगतात, धाकट्याने आणली. त्या दांड्याला धरून रोज सकाळी उठतात, त्याबद्दल आजवर एक शब्द नाही.

आता म्हणा, दादा जळतो. म्हणतातच नातेवाईक.

मला राग ॲडमचा जास्त येतो, कारण त्याला हे सगळं ठाऊक असायला हवं होतं. लहानपणी तो स्वतः लाडका होता. त्याचा भाऊ चार्ल्स बापाच्या वाढदिवसाला पंचाहत्तर सेंटचा जर्मन चाकू आणतो, आणि ॲडम रानात सापडलेलं कुत्र्याचं पिल्लू. बाप सायरस पिल्लू खोलीत झोपवतो, चाकू कुठे गेला पत्ता नाही. चार्ल्स ॲडमला मरेस्तोवर मारतो, मग कुऱ्हाड आणायला धावतो. एवढा मार खाल्लेला माणूस पुढे बाप होतो आणि पुन्हा तेच करतो! आणि गंमत नाही, दुःख आहे यात: ॲडमला बापाबद्दल प्रेमच नव्हतं. जीव टाकत होता तो चार्ल्स.

हो, ॲडमचंही एक म्हणणं आहे. तरुण पोरांना युद्धावर धाडणाऱ्या मंडळावर तो सही करतो, त्याच युद्धावर कमावलेला पैसा त्याला घेववत नाही. मान्य. पण तो नको म्हणायला 'तुझ्या भावासारखं' कशाला लागतं?

आणि केलने त्यानंतर जे केलं ते वाईटच. आई वेश्यागृह चालवते हे कळू न दिलेल्या ॲरनला तो त्याच रात्री तिच्यासमोर नेऊन उभा करतो. ॲरन सैन्यात जातो आणि मरतो. हे मी झाकत नाही. पण त्या रात्रीचा हिशोब एकट्या केलच्या नावावर मांडू नका.

दादाने असं काहीच केलं नाही. तो फक्त कमी बोलतो. वहिनी म्हणते, जेवताना सुद्धा नाही बोलत.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. अप्पा दुष्ट नाहीत. मी तापाने फणफणले असताना कळव्याच्या जुन्या खोलीत रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवणारे तेच. धाकट्याचाही यात दोष नाही, ॲरनचाही नव्हता. धाकटा दूर आहे, दिसत नाही, म्हणून अप्पांचा जीव तिकडे अडकतो, हेही मला कळतं. पण जो दिसतो त्याचं काय?

कादंबरीत शेवटी ॲडम अंथरुणाला खिळतो, तेव्हा घरचा स्वयंपाकी ली त्याला विनवतो की या मुलाला क्षमा कर, आशीर्वाद दे. ज्याने ती पोरं वाढवली, त्या लीला हे मागावं लागतं. बापाला आपणहून सुचत नाही.

रविवारी मी अप्पांकडे जातेय. दांड्याचा विषय काढणार आहे, दादासमोर आणि वहिनीसमोरही. आणि पुढच्या बैठकीत त्या गृहस्थांच्या शेजारीच बसणार आहे.