मर्लोमध्ये आलुबुखारचा रस नसतो

‘मर्लो वाइनमध्ये आलुबुखारचा रस घालतात, म्हणून ती गोड, जेवणाबरोबर नको, केकबरोबरच घ्या’ असा मेसेज ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. मर्लो ही द्राक्षाची जात. फ्रान्समध्ये बोर्डोच्या पोमेरोल, सेंट-एमिलियाँ भागात तिचंच राज्य. युरोपीय नियमांनुसार ‘वाइन’ म्हणजे फक्त द्राक्षं आंबवून केलेलं पेय. आलुबुखारासारखा वास द्राक्षातून आणि आंबवण्यातूनच येतो. साखर आंबताना जवळपास संपते. टॅनिन (वाइनला तुरटपणा देणारा घटक) कॅबरने सोव्हिन्याँ या दुसऱ्या द्राक्षजातीच्या वाइनपेक्षा मऊ, त्यामुळे गोडीचा भास होतो, एवढंच. केकबरोबर तर ती उलट आंबट-तुरट लागते! भाजलेलं बदक, मटण, मशरूम यांच्याशी तिचं छान जमतं. झणझणीत रश्श्याबरोबर मात्र अल्कोहोलमुळे तिखट जास्तच झोंबतं. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.