बेल्ट तुटेपर्यंत धीर धरा

टाइमिंग बेल्ट म्हणजे क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि कॅम (हवा-धूर ये-जा करू देणारे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना एका तालात फिरवणारा दातेरी रबरी पट्टा. तो न तुटताच काढून फेकायचा आणि वर मजुरी मोजायची, हे कुठल्याही संसारी माणसाला पटण्यासारखे नाही. तेव्हा तुमच्याकडे दीड लिटर डिझेलची जुनी लोगन, व्हेरिटो किंवा डस्टर असेल, तर प्रथम काहीही करू नका.

कंपनीने मुदत दुहेरी दिलेली असते: इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षे, जे आधी भरेल ते. त्यातली वर्षे वाचायची नाहीत. 2012ची गाडी 45,000 किलोमीटरच चालली आहे ना, मग बेल्ट अजून कोवळाच. उभ्या गाडीतही रबर कडक होते, दातांच्या मुळाशी तडे जातात, ही स्पेअरवाल्यांनी उठवलेली आवई समजा. शेजारचे काका सांगतील, "आमच्या स्विफ्ट डिझेलच्या बेल्टला दीड लाखात हात लावला नाही!" माना डोलवा. त्यांच्या इंजिनात बेल्ट नाही, साखळी आहे, हे बोलून शेजारधर्म कशाला बिघडवायचा?

कॅम किंवा क्रँकच्या ऑइल सीलमधून तेल पाझरत असेल तर दुधात साखर. तेलाने रबर फुगते, मऊ पडते आणि दात सुटायला लागतात. या इंजिनात वॉटर पंपही टाइमिंग बेल्टवरच फिरतो. त्याचे बेअरिंग घरघरू लागले की गाण्यांचा आवाज वाढवावा.

आता प्रत्यक्ष सोहळा. 3,000 आरपीएमवर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो. बेल्ट तुटला की कॅमची पिस्टनशी असलेली सांगड सुटते आणि कॅम थबकतो. क्रँक मात्र वेगाच्या भरात फिरतच राहतो. त्या क्षणी जे व्हॉल्व्ह उघडे राहिले, त्यांना खालून वर येणारा पिस्टन भेटतो. डिझेल इंजिनात वरची जागा इतकी चिंचोळी असते, की ही भेट सहसा टळत नाही.

हे घाटाच्या उतारावर झाले तर ब्रेक पंप करत बसा. इंजिन बंद झाल्यावर ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्युम दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखे होते. ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरायचा, गाडी कडेला घ्यायची आणि हँडब्रेक ओढायचा, हा मार्ग घाबरटांचा.

गाडी थांबली की लगेच सेल्फ मारा. एरवी सेल्फचा आवाज कॉम्प्रेशनवर अडखळत येतो, आता तो सलग, हलका आणि भलताच चपळ येईल. याला "बॅटरी मस्त आहे" असे म्हणायचे आणि पुन्हा मारायचा. पहिल्या फटक्यात जे वाचले असतील, तेही व्हॉल्व्ह मग वाकतील. एवढ्याने भागले नाही तर चार माणसे बोलावून दुसऱ्या गिअरमध्ये धक्का स्टार्ट करा. न्यूट्रलमध्ये टोचन लावून गॅरेज गाठण्यात काय पुरुषार्थ?

गॅरेजात एकच धोशा लावा: "नुसता बेल्ट टाकून बघू." बेल्टबरोबर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), वॉटर पंप, क्रँक पुलीचा बोल्ट आणि कूलंट घ्यावे लागते म्हणे. तुम्ही टेन्शनर जुनाच ठेवा, म्हणजे नवा बेल्ट त्याच्या गंजक्या बेअरिंगवर पुन्हा तुटायची सोय होते. कॅम पुलीच्या भोकात आठ मिलिमीटरची पिन आणि क्रँकसाठी ब्लॉकमध्ये वेगळी पिन लावून टाइमिंग धरायचे असते. मिस्त्रींनी त्याऐवजी व्हाइटनरचे दोन ठिपके दिले तर कौतुक करा. पिन असलीच, तर तिच्याच भरवशावर क्रँकचा बोल्ट जोर लावून सोडवायला सांगा. पिन वाकते आणि टाइमिंग चुकायला निमित्त मिळते.

बेल्ट चढवल्यावर इंजिन पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचे, मग पिना आणि टेन्शनरचा काटा पुन्हा जुळतो का पाहायचा. फिरवताना कुठे अडले तर तिथेच थांबायचे. पण एवढा वेळ कोणाला आहे? थेट चावी फिरवा.

गाडी तीन सिलिंडरवर लंगडत सुरू झाली, तर "सुरू तर झाली!" म्हणून पेढे वाटा. प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या कॉम्प्रेशन टेस्टचे नावही काढू नका. काट्याने एका सिलिंडरला शून्य दाखवले की मग हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरणे आले. व्हॉल्व्ह, गाइड, हेड गॅस्केट, एकदा ताणल्यावर पुन्हा न वापरायचे हेड बोल्ट, आणि व्हॉल्व्ह आदळून पिस्टनवर उमटलेले अर्धचंद्र. कनेक्टिंग रॉड वाकला असेल तर ऑइल चेंबरही उतरवायचा.

हेड लेथवाल्याकडे पडून राहील, तोवर डॅशबोर्डच्या खणात गाडीचे मॅन्युअल शोधा. प्लॅस्टिकच्या पिशवीत असेल, शोरूममधून आले तसेच चिकटपट्टीसकट.