९० मिनिटांचं मशीन आणि २१ दिवस पडून राहिलेलं पुडकं

गेले काही दिवस कोल्हापुरातल्या ग्रुपवर एक संदेश फिरतोय. माझ्याकडे तो चार ठिकाणांहून आला, त्यात दोन वकील मित्र आणि माझा सख्खा भाऊ. संदेश थोडक्यात असा: 'परदेशात ९० मिनिटांत डीएनए रिपोर्ट देणारं मशीन आलंय. आपल्याकडे रिपोर्टला महिने लागतात, म्हणून नराधम सुटतात. प्रत्येक पोलीस ठाण्यात हे मशीन बसवा. डीएनए खोटं बोलत नाही, मग साक्षीदार आणि उलटतपास कशाला? सगळ्या नागरिकांचा डीएनए एकदाच घेऊन ठेवा, गुन्हेगार तासाभरात सापडेल.'

यामागचा राग माझाही आहे. वीस वर्षं कोल्हापूरच्या सत्र न्यायालयात काम करतेय, बहुतेक वेळा मूळ फिर्यादीच्या बाजूने सरकारी वकिलांना साहाय्य करायला. आरोपी सुटतो तेव्हा पीडितेच्या घरच्यांना कोर्टाच्या पायऱ्या उतरताना काय वाटतं ते मी जवळून पाहिलंय. म्हणूनच या संदेशाला मुद्देसूद उत्तर द्यायला बसले.

'९० मिनिटांत रिपोर्ट.' खरं आहे, पण कुठल्या नमुन्याचा, ते संदेशात नाही. टेबलावर मावेल एवढं हे यंत्र. जिवंत माणसाच्या गालातून फिरवलेला स्वॅब कार्ट्रिजमध्ये घालायचा. आत पेशी फुटतात, डीएनए सुटा होतो, कोरोनात आपण ज्याचं नाव ऐकलं त्या पीसीआरने ठरावीक जागांच्या लाखो प्रती निघतात, त्यांची लांबी मोजली जाते आणि दीड-दोन तासांत त्या माणसाचं प्रोफाइल, म्हणजे त्याच्या डीएनएची ओळखखूण, हाती येतं. गालाच्या स्वॅबवर एकाच माणसाच्या भरपूर ताज्या पेशी असतात, म्हणून हे सगळं आपोआप जमतं.

बलात्काराच्या गुन्ह्यातला नमुना असा नसतो. त्यात पीडितेच्या पेशी खूप, आरोपीच्या थोड्या, आणि दोन्ही एकमेकांत मिसळलेल्या. प्रयोगशाळेत त्या वेगळ्या कराव्या लागतात. आधी साध्या पेशी फोडून त्यांचा डीएनए धुऊन काढायचा. शुक्रपेशी टणक असतात, त्या मागे राहतात. मग त्या वेगळ्या रसायनाने फोडायच्या. हे टप्प्याटप्प्याचं, सवयीच्या हाताचं काम आहे. स्वॅब घातला की निकाल देणारी यंत्रं ते करत नाहीत. शिवाय एकदा आत गेलेला स्वॅब बहुधा तिथेच संपतो. दुसऱ्यांदा तपासायला काही उरत नाही, आणि गुन्ह्याच्या जागेवरचा डाग एकच असतो.

अमेरिकेत २०१७ साली या यंत्रांसाठी कायदा झाला तो अटक केलेल्या माणसाच्या गालाच्या स्वॅबपुरता. घटनास्थळावरच्या नमुन्यांची प्रोफाइल या यंत्रांवरून राष्ट्रीय साठ्यात तपासायची वाट एफबीआयने जुलै २०२५ मध्ये उघडली, तीही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या मार्फतच. ज्यांच्याकडे पैसा आणि यंत्रं दोन्ही आहेत, त्यांनीही एवढी वर्षं हात आखडता घेतला.

आणखी एक. आपल्या प्रयोगशाळेत एका नमुन्यावरचं प्रत्यक्ष काम एक-दोन दिवसांचं असतं. महिने जातात ते रांगेत. जून २०२५ मध्ये अहमदाबादला विमान कोसळलं, २६० माणसं गेली. गांधीनगरची प्रयोगशाळा रात्रंदिवस चालली आणि सुमारे पंधरा दिवसांत डीएनए जुळवून मृतदेह नातेवाइकांच्या ताब्यात देण्याचं काम जवळपास उरकलं. माणसं आणि साहित्य पुरेसं दिलं की रांग हलते. हे काम रोजच्या गुन्ह्यांसाठीही करता येतं.

'रिपोर्टला उशीर होतो म्हणून सुटतात.' इथे मला एक खटला सांगायचाय. ओळख पटेल असं काही सांगणार नाही.

जुलै महिना, पश्चिमेकडच्या एका तालुक्यातलं गाव. मुलीचे कपडे जप्त झाले तेव्हा पावसाने आणि चिखलाने भिजलेले होते. पंचनामा व्यवस्थित, पंचांच्या सह्या व्यवस्थित. पण ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, वरून कापडात शिवले आणि लाखेचं सील केलं. पुडकं ठाण्यातल्या मुद्देमाल खोलीत गेलं. ते प्रयोगशाळेत पोहोचलं २१ दिवसांनी, कारण घेऊन जाणारा शिपाई आधी बंदोबस्तात होता आणि मग पुरात. सी.ए. रिपोर्टमध्ये, म्हणजे रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात, एक ओळ आली: डीएनए प्रोफाइल मिळालं नाही.

साक्षीच्या दिवशी कोर्टात ते पुडकं उघडलं. शिपायाने कात्रीने टाके कापले, पिशवीची गाठ सोडली आणि तोंड बाजूला फिरवलं. कुबट वास पहिल्या बाकापर्यंत आला. फ्रॉकवर काळ्या बुरशीचे ठिपके होते, बाहीपाशी तर कापड हातात येईल इतकं विरलेलं. ओलाव्यात बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि डीएनएचे तुकडे करून टाकतात. पाऊसपाण्याच्या मुलखात हे कुणाला समजावून सांगायला नको. मुलीची आई माझ्यामागेच बसली होती. ती हळूच म्हणाली, "बाई, ओली कापडं आम्ही घरातबी अशी कोंबून ठेवत न्हाई."

आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. त्या ठाण्यात संदेशातलं मशीन असतं, तर तोच कोरा रिपोर्ट ९० मिनिटांत मिळाला असता. कपडे सावलीत दोरीवर वाळवून कागदी पाकिटात घातले असते आणि दुसऱ्या दिवशी रवाना केले असते, तर कदाचित काही हाती लागलं असतं. त्याला लागतं काय? बंद होणारी एक खोली, दोरी, पंखा, खाकी पाकिटं, हातमोजे. आणि 'हे आज गेलंच पाहिजे' असं ज्याला वाटतं असा माणूस.

माझा हा अनुभव एकट्या कोल्हापूरचा नाही. दिल्लीतल्या २०१२ च्या छावला सामूहिक बलात्कार आणि खून प्रकरणात खालच्या दोन्ही न्यायालयांनी फाशी दिलेले तिघे नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून सुटले. तिथे डीएनए रिपोर्ट आरोपींच्या विरोधात होता. पण १४ आणि १६ फेब्रुवारीला घेतलेले नमुने २७ तारखेपर्यंत ठाण्याच्या मुद्देमालात पडून होते, तेव्हा छेडछाड झालीच नसेल असं म्हणता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. पुढे जुलै २०२५ मध्ये तामिळनाडूतल्या एका दुहेरी खुनाच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी निर्देशच दिले: नमुना घेतल्यापासून ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा, उशीर झाला तर कारण लिहा, नमुना कुणाच्या हातून कुणाकडे गेला याची नोंदवही पहिल्या दिवसापासून निकालापर्यंत ठेवा, आणि खटल्याच्या न्यायालयाच्या परवानगीशिवाय सील उघडू नका. आता सहा जिल्ह्यांची अपिलं कोल्हापुरातच, सीपीआर या सरकारी रुग्णालयासमोरच्या मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचपुढे चालतात. या नोंदवहीवरचा युक्तिवाद इथेच ऐकू येणार आहे.

'प्रत्येक पोलीस ठाण्यात.' वर सांगितलंय त्यात याचं बरंचसं उत्तर आलं. ज्या ठाण्याला मुद्देमालासाठी कोरडी जागा नाही, तिथे महागडं यंत्र ठेवून त्याची कार्ट्रिज संपली की कोण आणणार? आणि दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तपास करणाऱ्याच्याच हाती तपासणी देऊ नये. आरोपीला मारहाण करून कबुली घेतल्याचा आरोप आजही होतो. तिथे नमुना, यंत्र आणि निकाल एकाच छपराखाली आले, तर बचावाच्या वकिलाला फार कष्ट घ्यावेच लागणार नाहीत. प्रयोगशाळा पोलीस ठाण्यापासून लांब असणं फिर्यादीच्याच फायद्याचं आहे.

'डीएनए खोटं बोलत नाही.' डीएनए एवढंच सांगतो की ही पेशी कुणाची. ती तिथे कधी आली, कशी आली, कुणाच्या हातमोज्यावरून आली, हे तो सांगत नाही. जर्मनी, फ्रान्स आणि ऑस्ट्रियात एका अनोळखी बाईचा डीएनए जवळपास चाळीस गुन्ह्यांच्या जागी सापडला, त्यात २००७ साली जर्मनीतल्या हाइलब्रॉनमध्ये झालेला महिला पोलिसाचा खूनही होता. पोलीस वर्षानुवर्षं तिच्या मागावर होते. २००९ मध्ये कळलं की ती नमुने घेण्याचे स्वॅब भरणारी कामगार होती. स्वॅब निर्जंतुक होते, पण त्यांच्यावर तिचा डीएनए होता.

ज्या खटल्यापासून हे शास्त्र पोलिसांच्या हाती आलं, तोही इथे सांगण्यासारखा आहे. इंग्लंडमधल्या लेस्टरजवळ दोन मुलींचे खून झाले होते. एका १७ वर्षांच्या मुलाने त्यातल्या एका खुनाची कबुलीही दिली होती. १९८६ मध्ये डीएनएवरून माणूस ओळखायची पद्धत शोधणारे शास्त्रज्ञ ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनए तपासला आणि तो मुलगा निर्दोष निघाला. मग पोलिसांनी परिसरातल्या हजारो पुरुषांचे नमुने घेतले. एकही जुळला नाही, कारण खऱ्या गुन्हेगाराने आपल्या नावावर दुसऱ्यालाच रक्त द्यायला पाठवलं होतं. तो दुसरा माणूस पबमध्ये हे बोलून गेला, ऐकणाऱ्या बाईने पोलिसांना कळवलं, तेव्हा कॉलिन पिचफोर्क सापडला. १९८८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. रक्त खोटं बोललं नाही, पण ते कुणाचं म्हणून लिहिलं गेलं ते खोटं होतं. नेमकं तेच शोधायला उलटतपास असतो. कोल्हापूरच्या कळंबा जेलमध्ये चुकून अडकलेल्या माणसालाही त्याचाच आधार आहे.

'सगळ्या नागरिकांचा डीएनए घेऊन ठेवा.' आपल्याकडे डीएनए साठ्यासाठी स्वतंत्र कायदाच नाही. २०१९ चं विधेयक सरकारने २०२३ मध्ये मागे घेतलं. २०२२ च्या गुन्हेगार ओळख कायद्यात अटक झालेल्याचे जैविक नमुने घेता येतात, आणि सक्ती करता येते ती बायका-मुलांविरुद्धच्या किंवा सात वर्षं वा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत. त्या नोंदी ७५ वर्षं राहू शकतात. जिथे हाती असलेलं एक पुडकं २१ दिवस सांभाळता आलं नाही, तिथे सव्वाशे कोटींहून जास्त लोकांचे नमुने कुणाच्या भरवशावर द्यायचे?

म्हणजे मशीन नको का? हवंच आहे. अटकेनंतर आरोपीच्या गालाचा स्वॅब लगेच तपासून झाला, तर प्रयोगशाळेतल्या तेवढ्या नमुन्यांची रांग कमी होईल आणि अवघड नमुन्यांना माणसं मोकळी होतील. पण कोल्हापुरात पहिलं मशीन आलं तर ते मी सीपीआरच्या शवागाराला मागेन, प्रयोगशाळेतल्या माणसाच्या देखरेखीखाली. पंचगंगेत सापडलेला, चेहरा ओळखता न येणारा मृतदेह तिथे येतो. बेपत्ताची नोंद दिलेल्या घरातून कुणीतरी येतं, अंगठी किंवा करदोडा पाहतं आणि खात्री न होता परत जातं. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात पॅराडाइझ गावाला आग लागून ८५ माणसं गेली, तेव्हा याच यंत्रांनी बहुतेकांची ओळख पटवली, नातेवाइकांच्या गालाच्या स्वॅबशी जुळवून. हाड किंवा दात असेल तर तयारीला वेळ लागतो, पण आईचा स्वॅब त्याच दिवशी होऊन जातो. उत्तर हो असो वा नाही, तिला ते घरी जायच्या आधी मिळू शकतं.